तुटण्यासाठीच घडवलेल्या वस्तू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विमानतळावरील दिव्यांचे खांब, रोटाव्हेटरचे बोल्ट, इंजेक्शनच्या काचेच्या कुप्या, मोटारीच्या खिडक्या आणि पाण्याच्या बाटलीचे झाकण या सगळ्यांमध्ये एक गोष्ट समान आहे. वेळ आली की त्यांनी तुटावे, असे रचनाकाराने आधीच ठरवलेले असते. अशा वस्तूंविषयी नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे खाली दिली आहेत. विमानतळ आणि शेतीची अवजारे यांविषयीची उत्तरे मुद्दाम विस्ताराने लिहिली आहेत, कारण गैरसमज तेथेच अधिक आढळतात.

कमकुवत वस्तू आणि तुटण्यासाठी घडवलेली वस्तू यांत फरक काय?

कमकुवत वस्तू कधी, कुठे आणि कशी तुटेल याचा भरवसा नसतो. तुटण्यासाठी घडवलेली वस्तू मात्र रोजचा भार, वारा, हादरे आणि ऊनपाऊस वर्षानुवर्षे सोसते आणि ठरावीक मर्यादा ओलांडली गेली की ठरावीक जागीच तुटते. म्हणजे ती एका अर्थी मजबूतच असावी लागते. रचनाकाराला तीन गोष्टी ठरवाव्या लागतात: तुटण्याची जागा, तुटण्याचा भार, आणि तुटल्यानंतर त्या तुकड्यांचे व त्यांच्यामागे अडवून धरलेल्या गोष्टीचे काय होणार. पहिल्या दोन गोष्टींचे गणित पुष्कळ प्रमाणात होते. तिसऱ्या गोष्टीकडे दुर्लक्ष होते, आणि या पृष्ठावर उल्लेखलेल्या काही मोठ्या दुर्घटनांत त्याचा वाटा आहे.

त्यासाठी ठिसूळ साहित्य वापरले की पुरे होते का?

नाही. काच किंवा बीड ठिसूळ असते, साधे पोलाद आधी वाकते आणि वाकूनही चिकटून राहते, हे खरे आहे; परंतु तुटण्याची जागा बहुतेक वेळा साहित्याने नव्हे, आकाराने ठरते. ताण दिलेल्या पट्टीला गोल छिद्र पाडले तर छिद्राच्या काठावरचा ताण सरासरीच्या सुमारे तिप्पट होतो. छिद्र जितके लांबट आणि त्याचे टोक जितके टोकदार, तितका तेथील ताण वाढतो, हे ब्रिटिश अभियंते सी. ई. इंग्लिस यांनी १९१३ मध्ये गणिताने दाखवले. पूल किंवा जहाज बांधणारा अभियंता अशा खाचा टाळतो. येथे मात्र त्या मोजून मापून पाडल्या जातात. कॅनच्या झाकणावरची कोरलेली रेघ, गोळीवरची रेघ आणि तिकिटांमधली छिद्रे ही सगळी त्याच तत्त्वाची रूपे आहेत.

खाच किती असावी हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. ब्रिटनमध्ये १८५४ साली छिद्रांकित टपाल तिकिटे सुरू झाली तेव्हा दर दोन सेंटिमीटरला १६ छिद्रे होती. छिद्रे इतकी जवळजवळ होती की तिकिटांचे ताव हाताळतानाच सुटे होऊ लागले, आणि १८५५ मध्ये हे प्रमाण १४ वर आणावे लागले. दोन सेंटिमीटरमागे दोन छिद्रांचा हा फरक काम होण्यास आणि काम बिघडण्यास पुरेसा ठरला.

विमानतळावरील दिव्यांचे खांब मुद्दाम तुटणारे का असतात?

धावपट्टीकडे येणाऱ्या विमानाला मार्ग दाखवणारे ॲप्रोच दिवे, धावपट्टीच्या कडेचे दिवे, दिशादर्शक फलक, वारा मोजणारी उपकरणे आणि लोकलायझर अँटेना (उतरणाऱ्या विमानाला धावपट्टीची मध्यरेषा रेडिओ लहरींनी दाखवणारी) यांना धावपट्टीच्या जवळ राहण्यावाचून गत्यंतर नसते. विमान कधीकधी ठरल्यापेक्षा खाली येते किंवा धावपट्टी संपल्यावरही पुढे जाते. अशा वेळी वाटेतील प्रत्येक वस्तू विमानाला न फाडता बाजूला झाली पाहिजे. म्हणून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परिशिष्ट १४ मध्ये अशा वस्तू कमी वजनाच्या असाव्यात आणि धडक बसताच तुटाव्यात, वाकाव्यात किंवा हटाव्यात अशी अपेक्षा नोंदवलेली आहे. विमानतळांवर काम करणारे लोक अशा वस्तूंना ‘फ्रँजिबल’ म्हणतात.

किती जोराने धडक बसल्यावर हा खांब तुटला पाहिजे?

याच संघटनेच्या विमानतळ रचना पुस्तिकेच्या सहाव्या भागात यासाठी एक ठोस कसोटी दिली आहे. ३,००० किलो वजनाचे आणि ताशी १४० किलोमीटर वेगाने हवेत असलेले विमान ॲप्रोच दिव्यांच्या खांबाला धडकले, तर विमानावर येणारे बल ४५ किलोन्यूटनपेक्षा जास्त नसावे आणि विमानाला सोसावी लागणारी ऊर्जा ५५ किलोजूलपेक्षा जास्त नसावी. त्या वेगाच्या त्या विमानाची गतिज ऊर्जा सुमारे २,२७० किलोजूल भरते. म्हणजे खांबाने विमानाच्या ऊर्जेपैकी अडीच टक्क्यांहूनही कमी वाटा घ्यावा, इतकी ही अट कडक आहे. कसोटीसाठी छोटे विमान धरले आहे, कारण अशा धडकेत सर्वाधिक नुकसान हलक्या विमानाचेच होते.

त्याच वेळी खांबाने वादळी वारा आणि जेट इंजिनांचा झोत सोसला पाहिजे, आणि तोही फारसे न डोलता, कारण दिव्याची दिशा थोडी जरी ढळली तरी वैमानिकाला मिळणारी खूण चुकते. या दोन मागण्या एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. म्हणून असे खांब काचतंतूंचे किंवा पातळ ॲल्युमिनियमच्या नळ्यांचे जाळीदार बनवतात. धावपट्टीच्या कडेचे बुटके दिवे तळाशी खाच असलेल्या जोडावर बसवतात. धावपट्टीच्या उंबरठ्यापासून, म्हणजे उतरण्याची धावपट्टी जेथे सुरू होते तेथून, ३०० मीटरपलीकडे खांब १२ मीटरपेक्षा उंच असेल तर वरचे १२ मीटरच तुटणारे असले तरी चालते, ही सवलत दरीवर किंवा पाण्यावर उभ्या असलेल्या रांगांसाठी महत्त्वाची ठरते.

एक बाब नवख्या कंत्राटदारांच्या हमखास ध्यानातून सुटते, ती म्हणजे वायर. खांब उत्तम तुटतो, पण आतून गेलेली जाड विद्युत केबल तुटत नाही, आणि तुटलेला खांब दोरीला बांधल्यासारखा विमानाच्या पंखाला अडकून राहतो. म्हणून तुटण्याच्या जागेजवळच केबललाही ओढताच सुटणारा जोड द्यावा लागतो.

खांब तुटला नाही तर काय होते?

३० जुलै १९७१ रोजी सॅन फ्रान्सिस्कोहून निघालेले पॅन ॲमचे बोइंग ७४७ चुकीचे वेग धरून उडताना धावपट्टीच्या टोकापलीकडील ॲप्रोच दिव्यांच्या पोलादी सांगाड्यावर आदळले. लोखंडी अँगल विमानाचा तळ फोडून थेट प्रवासी कक्षात घुसले आणि दोन प्रवासी गंभीर जखमी झाले. चारपैकी तीन हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झाल्या. वैमानिकांनी विमान परत आणून उतरवले आणि कोणाचाही मृत्यू झाला नाही, तरी दिव्यांचा आधार पोलादाचा असू नये हे सांगण्यासाठी याहून स्पष्ट उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

मुआन आणि मंगळुरू येथील अपघातांचा या विषयाशी काय संबंध आहे?

२९ डिसेंबर २०२४ रोजी दक्षिण कोरियातील मुआन विमानतळावर जेजू एअरचे बोइंग ७३७-८०० चाके न उघडता उतरले, धावपट्टी ओलांडून पुढे गेले आणि लोकलायझर अँटेनेच्या मातीच्या उंचवट्यावर आदळले. १८१ जणांपैकी १७९ जणांचा मृत्यू झाला. अँटेना हलकी होती. तिच्याखालच्या उंचवट्यात काँक्रीट होते. तुटणारी वस्तू न तुटणाऱ्या ओट्यावर ठेवली, तर धडक ओट्याला बसते. नियमाची भाषा अनेकदा ‘उपकरण’ या शब्दाशी थांबते आणि त्याचा पाया हा बांधकाम विभागाचा विषय समजला जातो. दोन विभागांमधल्या त्या फटीतच असे ओटे उभे राहतात. विमानासाठी मात्र जमिनीच्या पातळीवर आलेली प्रत्येक गोष्ट एकच अडथळा असते. या अपघातानंतर कोरियाने सात विमानतळांवरील असे आधार बदलण्याचे जाहीर केले.

आपल्याकडे मंगळुरूच्या टेबलटॉप धावपट्टीवर २२ मे २०१० रोजी एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान धावपट्टी ओलांडून पुढे गेले, तेव्हा त्याचा उजवा पंख लोकलायझर अँटेनेच्या काँक्रीटच्या आधारावर आदळला आणि नंतर विमान कुंपण तोडून दरीत कोसळले. १५८ जणांचा मृत्यू झाला आणि आठ जण वाचले. तेथे मूळ कारण अस्थिर अवस्थेत चालू ठेवलेले अवतरण हे होते आणि पुढे दरी होती, त्यामुळे केवळ आधार तुटणारा असता तर सगळे वाचले असते, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु चौदा वर्षांच्या अंतराने दोन देशांत लोकलायझरचा काँक्रीटचा आधार विमानाच्या वाटेत असावा, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही.

रस्त्यावरील फलकांचे आणि दिव्यांचे खांबही असेच असतात का?

अनेक देशांत वेगवान रस्त्यांवर तसे असतात. अमेरिकेत १९६०च्या दशकात टेक्सासमधील संशोधकांनी घसरणारे तळपट्टे विकसित केले: खांबाच्या तळाशी दोन पट्टे बोल्टांनी आवळलेले असतात आणि बोल्टांची भोके बाहेरून उघडी असल्याने गाडी धडकताच वरचा पट्टा घसरून सुटतो. मोठ्या फलकाच्या खांबाला वरच्या भागात बिजागरीसारखा जोडही देतात, म्हणजे सुटलेला खांब वर उचलला जातो आणि गाडी खालून निघून जाते. जमिनीत उरणारा खुंट १०० मिलिमीटरपेक्षा उंच नसावा, अशी अमेरिकी मार्गदर्शक अट आहे, अन्यथा खुंटच गाडीचा तळ फाडतो. युरोपातील ईएन १२७६७ हे मानक ताशी ५०, ७० आणि १०० किलोमीटर वेगांच्या चाचण्यांवरून खांबांची वर्गवारी करते.

मात्र असा खांब सर्वत्र लावावा असे नाही. बाजारपेठेत, बस थांब्याजवळ किंवा शाळेसमोर सुटलेला दिव्याचा खांब गाडीतील माणसाला वाचवेल आणि पादचाऱ्याच्या अंगावर पडेल. जेथे माणसे चालतात तेथे धडकेची ऊर्जा शोषून वाकणारा, पण जागा न सोडणारा खांब बरा. आपल्या शहरांतील बहुतेक रस्ते याच प्रकारात मोडतात, त्यामुळे परदेशातील नियम जसाच्या तसा उचलण्याचा आग्रह मला तरी पटत नाही.

रोटाव्हेटरचा शिअर बोल्ट वारंवार तुटतो. जास्त मजबूत बोल्ट लावावा का?

लावू नये. हा प्रश्न विचारणाऱ्या शेतकऱ्याची अडचण खरी असते, कारण पेरणीच्या घाईत दर अर्ध्या तासाला ट्रॅक्टर थांबवून बोल्ट बदलणे कोणालाही नकोसे वाटते. परंतु तो बोल्ट पीटीओ शाफ्ट (ट्रॅक्टरच्या इंजिनाची ताकद अवजारापर्यंत नेणारा फिरता दांडा) आणि गिअरबॉक्स यांच्यासाठी पहारेकरी असतो. पाती दगडात किंवा जुन्या खुंटात अडकली की इंजिन मात्र ओढतच राहते. त्या क्षणी काहीतरी तुटणारच असते, आणि ते काही रुपयांचा बोल्ट असावे की गिअरबॉक्सचे दात, एवढाच निर्णय उरतो. घरात फ्यूज वारंवार उडतो म्हणून जाड तार घालणाऱ्याला जे सांगावे लागते, तेच येथे सांगावे लागते.

बोल्टच्या आकड्यांकडे लक्ष दिले तर धोका ध्यानात येतो. ८ मिलिमीटर जाडीच्या बोल्टच्या दांड्याचे छेदक्षेत्र सुमारे ५० चौरस मिलिमीटर असते, आणि पोलादाची कातरण्याची ताकद ढोबळमानाने त्याच्या ताणशक्तीच्या साठ टक्के धरतात. त्या हिशेबाने ४.६ ग्रेडचा बोल्ट एका छेदावर सुमारे १२ किलोन्यूटनला कातरला जातो, ८.८ ग्रेडचा सुमारे २४ ला आणि १२.९ ग्रेडचा सुमारे ३६ ला. बाहेरून तिन्ही बोल्ट सारखेच दिसतात; फरक फक्त डोक्यावर उमटवलेल्या आकड्याचा. ग्रेड तोच ठेवून ८ ऐवजी १० मिलिमीटरचा बोल्ट बसवण्यासाठी भोक मोठे केले, तरी ताकद ५६ टक्क्यांनी वाढते. म्हणून पुस्तिकेत जो ग्रेड आणि जी जाडी लिहिली असेल तीच वापरावी; काही यंत्रांत ८.८ हाच योग्य बोल्ट असतो, त्यामुळे ‘मऊ बोल्ट केव्हाही चांगला’ हा उलटा समजही बरोबर नाही.

बोल्ट खरोखरच अवेळी तुटत असेल तर कारण दुसरीकडे शोधावे. कातरणाऱ्या जागी बोल्टचा गुळगुळीत दांडा न येता आटे येत असतील, तर तेथे छेदक्षेत्र कमी पडते आणि आट्यांच्या खाचा वेगळा ताण आणतात. भोके झिजून लांबट झाली असतील, तर बोल्ट कातरला जाण्याऐवजी हलून हलून वाकतो आणि थकून तुटतो. नट सैल असेल तरी तेच होते. जमीन फार दगडाळ असेल तर बोल्टऐवजी घसरणारा क्लच असलेला पीटीओ शाफ्ट घेणे हा खरा उपाय आहे, जरी तो महाग असला तरी. बोल्ट बदलताना पीटीओ बंद करून ट्रॅक्टरचे इंजिनही थांबवावे. चालू इंजिनावर शाफ्टजवळ वाकलेल्या माणसाचे कपडे गुंडाळले जाऊन झालेल्या दुर्घटना गावोगाव ठाऊक आहेत.

मुद्दाम ठेवलेला तुटणारा भाग वेळेआधीच तुटला तर?

ही शंका रास्त आहे आणि तिचे सर्वांत कटू उत्तर ॲम्स्टरडॅममध्ये मिळाले. बोइंग ७४७ च्या पंखाला इंजिन धरून ठेवणाऱ्या जोडात ‘फ्यूज पिन’ नावाच्या पिना असतात. इंजिनावर अतोनात भार आला तर पिना तुटून इंजिन सुटावे आणि पंखातील इंधनाची टाकी फाटू नये, हा त्यांचा हेतू. ४ ऑक्टोबर १९९२ रोजी एल अल या इस्रायली विमान कंपनीचे मालवाहू ७४७ उड्डाणानंतर चढत असताना धातूच्या थकव्यामुळे जोडातील पिनेने दगा दिला, तिसऱ्या क्रमांकाचे इंजिन सुटून चौथ्यावर आदळले आणि दोन्ही इंजिने पंखापासून वेगळी झाली. परत फिरताना विमान बेल्मेर या वसाहतीतील उंच इमारतींवर कोसळले. विमानातील चार आणि जमिनीवरील ३९ अशा ४३ जणांचा मृत्यू झाला. त्याआधी डिसेंबर १९९१ मध्ये तैवानमध्ये चायना एअरलाइन्सच्या मालवाहू ७४७ चा अपघात त्याच प्रकारे झाला होता.

तुटणारा भाग हा नेहमीच इतर भागांपेक्षा मर्यादेच्या अधिक जवळ काम करतो. म्हणून थकवा आणि गंज यांचा पहिला बळी तोच ठरतो, आणि त्याची तपासणी इतर भागांपेक्षा वारंवार व्हावी लागते. इंजिन सुटल्यावर ते कोणत्या दिशेने जाईल, याचा विचारही पिनेच्या जाडीइतकाच महत्त्वाचा होता. बोइंगने नंतर पिना आणि जोड दोन्हींची रचना बदलली.

कारखान्यांमधील रप्चर डिस्क म्हणजे काय, आणि ती भोपाळमध्ये होती का?

रप्चर डिस्क ही दाबाच्या टाकीवर बसवलेली पातळ धातूची चकती असते. दाब ठरावीक पातळीवर गेला की ती फुटते आणि टाकी वाचते. दाब ४० पीएसआयच्या (पौंड प्रति चौरस इंच) वर असेल तर फुटण्याच्या दाबात साधारणपणे अधिकउणे पाच टक्केच फरक चालतो. काही चकत्या उलट्या बसवल्या तर ठरल्यापेक्षा पुष्कळ जास्त दाबाला फुटतात, म्हणून त्यांच्यावरील बाणाची दिशा पाहणे ही औपचारिकता समजू नये.

भोपाळमध्ये २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री ज्या ६१० क्रमांकाच्या टाकीत मिथाइल आयसोसायनेट हे विषारी रसायन होते, तिच्यावर रप्चर डिस्क आणि तिच्यापुढे सुरक्षा झडप होती. टाकीत पाणी शिरून अभिक्रिया भडकली, दाब वाढला, चकती फुटली आणि झडप उघडली. तुटण्यासाठी ठेवलेला भाग तुटला. परंतु बाहेर पडणारा वायू ज्या स्क्रबरने निष्प्रभ करायचा होता तो अशा लोटासमोर अपुरा होता, आणि तो वायू जाळून टाकणाऱ्या फ्लेअर टॉवरची वाहिनी दुरुस्तीसाठी काढून ठेवलेली होती. टाकी वाचली, शहर वाचले नाही. प्रशिक्षणवर्गांत रप्चर डिस्कचे गणित शिकवताना हे उदाहरण सोबत शिकवले जावे, असे माझे ठाम मत आहे.

याउलट चांगले उदाहरण पेट्रोल पंपावर पाहायला मिळते. नळी टाकीत अडकलेली असताना कोणी गाडी पुढे नेली, तर नळीवरचा ब्रेकअवे जोड सुटतो आणि सुटताक्षणी त्याच्या दोन्ही बाजूंच्या झडपा आपोआप बंद होतात. तुटणे आणि गळती थांबणे एकाच हालचालीत होते.

मोटारीची बाजूची काच भुगा होऊन का पडते, आणि समोरची का नाही?

बाजूची काच टफन्ड असते. ती सुमारे ६२० अंश सेल्सियसपर्यंत तापवून हवेच्या झोताने झटकन थंड करतात, त्यामुळे पृष्ठभाग आधी घट्ट होतो, गाभा नंतर आकसतो, आणि पृष्ठभागात कायमचा दाब व गाभ्यात ताण राहतो. अशी काच साध्या काचेच्या चौपट-पाचपट भार सोसते; मात्र चीर एकदा गाभ्यापर्यंत पोहोचली की साठवलेली सगळी ऊर्जा सुटून काचेचे बोथट कडांचे छोटे खडे होतात. मानकांनुसार ५० मिलिमीटरच्या चौकोनात बहुधा किमान ४० तुकडे मोजले जावे लागतात. समोरची काच लॅमिनेटेड असते, म्हणजे दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा थर असतो. ती तडकते, पण सुटत नाही आणि प्रवाशाला बाहेर फेकले जाऊ देत नाही.

गाडी पाण्यात अडकल्यास हा फरक जिवाचा ठरतो. २६ जुलै २००५ च्या मुंबईतील पुरात बंद गाड्यांत अडकून मृत्यू झाले होते. समोरच्या काचेवर वेळ घालवू नये. टोकदार हातोडीने बाजूच्या काचेच्या कोपऱ्याजवळ घाव घालावा. काही नव्या गाड्यांत बाजूच्या काचाही लॅमिनेटेड असतात, म्हणून आपल्या गाडीच्या काचेच्या कोपऱ्यावरील शिक्का आजच वाचून ठेवावा.

एका स्प्रिंकलरची काच फुटली की मजल्यावरचे सगळे स्प्रिंकलर सुरू होतात का?

नाही, ते चित्रपटांत होते. नेहमीच्या यंत्रणेत प्रत्येक स्प्रिंकलरची काचेची कुपी आपापल्या जागच्या उष्णतेनेच फुटते. कुपीतील द्रव तापून फुगतो आणि काच फोडतो. नारिंगी कुपी ५७ अंशांना, लाल ६८, पिवळी ७९, हिरवी ९३ आणि निळी १४१ अंश सेल्सियसला फुटते. रंगकाम करताना कुपीवर रंग उडाला तर ती उष्णता उशिरा घेते, म्हणून रंग खरवडत न बसता तो स्प्रिंकलर बदलावा. त्याला सजावटीच्या माळा बांधणे हा प्रकार तर अनेक सभागृहांत दिसतो आणि तो तातडीने थांबवावा.

इंजेक्शनची काचेची कुपी हाताला न कापता कशी उघडावी?

ठिपका असलेल्या कुपीत मानेवर एकाच जागी खाच असते आणि ठिपका त्या खाचेची जागा दाखवतो. ठिपका आपल्याकडे करून, अंगठा तेथे ठेवून वरचा भाग मागे, आपल्यापासून दूर ढकलावा, म्हणजे खाच उघडण्याच्या दिशेने ताण येतो. मानेभोवती रंगीत वलय असेल तर कोणत्याही बाजूने मोडता येते. मोडताना काचेचे सूक्ष्म कण औषधात पडू शकतात, म्हणून अनेक ठिकाणी गाळणी असलेली सुई वापरतात. गोळीच्या बाबतीत मात्र रेघ दिसली म्हणून अर्धी करू नये. हळूहळू औषध सोडणाऱ्या किंवा आतड्यातच विरघळणाऱ्या गोळ्या मोडल्यास औषधाची मात्राच बिघडते, तेव्हा औषध विक्रेत्याला विचारावे.

पाण्याच्या बाटलीच्या झाकणाखालचे कडे कशासाठी असते?

येथे तुटणे हीच माहिती असते. १९८२ मध्ये शिकागो परिसरात टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये कोणीतरी सायनाइड मिसळल्याने सात जणांचा मृत्यू झाला, आणि त्यानंतर उघडल्याचे लपवता येणार नाही अशा वेष्टनांची सक्ती अमेरिकेत झाली. बाटलीचे कडे, गॅस सिलिंडरचे सील आणि वीजमीटरचे सील याच जातीचे. झाकण फिरवताना कडे तुटल्याचा आवाज न होता ते सहज निघाले, तर बाटली परत करावी. अशा सीलची खरी कसोटी ही की ते तुटल्यावर पुन्हा बेमालूम जोडता येऊ नये.

चित्रपटात डोक्यावर फोडतात ती बाटली साखरेची असते का?

पूर्वी असे. साखर, पाणी आणि ग्लुकोजचा पाक सुमारे १५० अंशांपर्यंत आटवून साच्यात ओतला की पारदर्शक, ठिसूळ बाटली मिळते. परंतु साखर हवेतली ओल ओढून घेते, त्यामुळे मुंबईच्या पावसाळ्यात आणि सेटवरच्या दिव्यांखाली ती चिकट होते. आता बहुधा ठिसूळ रेझिन वापरतात. मोठ्या खिडकीतून उडी मारायची असेल तर अनेकदा खरी टफन्ड काच लावून, अंग काचेला लागण्याच्या क्षणी छोट्या स्फोटकाने ती फोडतात.

ऐनवेळी तो भाग तुटलाच नाही तर? आणि न तोडता त्याची चाचणी कशी घेतात?

जेथे न तुटणे घातक असते तेथे दुहेरी व्यवस्था ठेवतात. अमेरिकी स्पेस शटलचे दोन घन इंधन बूस्टर उड्डाणमंचावर आठ बोल्टांनी धरलेले असत आणि प्रत्येक बोल्टवर स्फोटाने दुभंगणारा नट असे. प्रत्येक नटात दोन स्फोटक खटके होते, आणि त्यांपैकी एक जरी चालला तरी नट फुटावा अशी रचना होती.

चाचणीचा प्रश्न अधिक अवघड आहे, कारण जी चकती फोडून पाहिली ती विकता येत नाही आणि जी विकली ती फोडून पाहिलेली नसते. म्हणून एकाच धातूच्या पत्र्यापासून, एकाच वेळी बनवलेल्या गटातील काही नमुने फोडतात आणि उरलेल्यांना त्याच गटाचा क्रमांक देतात. याच कारणाने गटाचा क्रमांक नसलेला सुटा बोल्ट किंवा टॅग हरवलेली रप्चर डिस्क, ती दिसायला कितीही नवी असली, तरी बसवू नये.

तुटलेला भाग वेल्डिंग करून किंवा चिकटवून तात्पुरते काम चालवता येईल का?

कोणत्याही परिस्थितीत नाही. वेल्डिंग केल्यावर तो जोड किती भाराला तुटेल हे कोणीच सांगू शकत नाही, आणि मग यंत्रातील सर्वांत कमकुवत जागा कोणती हेही अज्ञात होते. खांबाचा तळ, चकती, पिन, बोल्ट किंवा कुपी तुटली तर त्याच मापाची आणि त्याच ग्रेडची नवी वस्तू बसवावी, आणि तुटलेली वस्तू फेकण्याआधी तिचा छेद पाहावा: ताज्या, एकसारख्या छेदाचा अर्थ भार वाढला होता, तर गंजलेल्या किंवा शिंपल्यासारख्या रेषा असलेल्या छेदाचा अर्थ चीर आधीपासून वाढत होती. ट्रॅक्टरच्या हत्यारपेटीत पुस्तिकेतल्या ग्रेडचे सुटे शिअर बोल्ट नटासह ठेवावेत आणि दुकानातून घेताना डोक्यावरचा आकडा वाचूनच घ्यावेत.